हप्ता तुमचा, तुम्हीच भरा

‘पंचविशीत पहिला फ्लॅट घ्या, हप्ता भाडेकरू भरेल.’ पैशांविषयीचा एखादा व्हिडिओ चुकून शेवटपर्यंत बघितला, की पुढचे आठ दिवस मोबाइल हेच वाक्य वेगवेगळ्या तोंडून ऐकवत राहतो. सांगणारा गुडगावचा नाहीतर ठाण्याचा असतो. ऐकणारे मात्र आपले सोलापूरचे असतात आणि हल्ली ते मला फोन करतात. जुळे सोलापुरातलं आमचं घर भाड्याने दिलेलं आहे, हे त्यांना माहीत असतं. ‘दादा, आपण पण एखादा घेऊन टाकू म्हणतोय. सुरुवात कशी करायची?’

मी घरमालक आहे आणि भाडेकरूही आहे. आई-वडील माझ्याकडे पुण्याला आले तेव्हा सोलापूरचं घर रिकामं झालं, ते आम्ही भाड्याने दिलं. पुण्यात आम्ही सगळे दुसऱ्याच्या घरात भाड्याने राहतो. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एक भाडं खात्यात येतं आणि त्याच्या अडीच पट दुसरं भाडं जातं. दोन्ही खुर्च्यांवर बसून बघितल्यावर माझं मत पक्कं झालंय: भाडेकरू हप्ता भरेल हे वाक्य सोलापुरात खोटं आहे. आणि ते नुसतं खोटं असतं तर सोडून दिलं असतं. पण त्या वाक्यावर विश्वास ठेवून घर घेतलेला माणूस पुढे वाईट मालक होतो, म्हणून त्याच्याशी भांडायला हवं.

आधी हिशेब

आकडे गोल धरतो. तुमच्या भागातले खरे आकडे घालून हाच हिशेब तुम्ही मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर पुन्हा करा.

समजा, विजापूर रोडकडे दोन बेडरूमचा फ्लॅट ३० लाखांना मिळाला. मुद्रांक शुल्क, नोंदणी, वकील, पंखे-दिवे मिळून आणखी सव्वादोन लाख गेले. बँकेने २४ लाख दिले, साडेआठ टक्क्यांनी, २० वर्षांसाठी. हप्ता बसतो २०,८०० रुपये. भाडं धरू ९,०००. वर्षाचे झाले १ लाख ८ हजार. एक भाडेकरू गेला आणि दुसरा आला, तेवढ्यात एक महिना घर रिकामं राहिलं. राहिले ९९ हजार. महापालिकेचा कर, सोसायटीचा मेंटेनन्स, गळका नळ, जळालेली मोटर यांत २० हजार गेले. हातात उरले ७९ हजार.

सव्वाबत्तीस लाखांवर वर्षाला ७९ हजार, म्हणजे अडीच टक्क्यांच्याही आत. बँकेत नुसतं बचत खातं ठेवलं तरी याच्याच आसपास व्याज मिळतं, आणि बचत खात्याचा नळ गळत नाही.

आता दुसरी बाजू. वर्षाचे हप्ते २ लाख ४९ हजार ६००. त्यातून ते ७९ हजार वजा करा. १ लाख ७० हजारांच्या वर तुमच्या पगारातून जाणार, महिन्याला १४ हजारांहून जास्त. पीपीएफमध्ये वर्षाला जास्तीत जास्त दीड लाख भरता येतात. २०२० च्या एप्रिलपासून तिथे ७.१ टक्के दर आहे. तेवढाच दर राहिला तर दरवर्षी दीड लाखाप्रमाणे १५ वर्षांत ४० लाखांच्या वर रक्कम होते, करमुक्त. तुमचे वर्षाचे वीस हजार तरीही शिल्लक राहतात आणि सुरुवातीला घातलेले सव्वाआठ लाखही हातात असतात.

‘पण टॅक्समध्ये फायदा होतो ना?’ होतो, थोडा. भाड्याच्या उत्पन्नातून महापालिकेचा कर आणि मग सरसकट ३० टक्के वजा होतात, भाड्याने दिलेल्या घराच्या कर्जाचं व्याजही वजा होतं. पण व्याज भाड्यापेक्षा जास्त असल्यामुळे जो तोटा दिसतो, तो नव्या करप्रणालीत पगाराच्या उत्पन्नातून वजा करता येत नाही. व्हिडिओत सांगतात तो मोठा फायदा जुन्या प्रणालीतला आहे, आणि नोकरीला नव्याने लागलेली बहुतेक मुलं आता नव्या प्रणालीत आहेत.

भाडं वाढत जाईल, घराची किंमतही वाढेल, हे मला मान्य आहे. मग तसं म्हणा. ‘मी घराच्या भाववाढीवर पैज लावतोय आणि त्या पैजेसाठी महिन्याला १४ हजार भरतोय’ असं स्वतःला स्पष्ट सांगा. झेपत असेल तर जरूर लावा. पण ‘हप्ता भाडेकरू भरतोय’ म्हणू नका. तो अर्धाही भरत नाहीये.

हे वाक्य आलं कुठून

हे वाक्य अमेरिकेतून आलं. रॉबर्ट कियोसाकींचं ‘रिच डॅड पुअर डॅड’ १९९७ साली आलं, मराठीत आलं, पुण्या-मुंबईच्या फुटपाथवर त्याच्या नकली प्रती विकल्या गेल्या, आणि ‘कर्ज काढून घर घ्या, भाड्यातून श्रीमंत व्हा’ हे आपल्याकडे सुविचारासारखं पसरलं. पण तिकडची व्यवस्था वेगळी आहे. तिथे ३० वर्षं व्याजदर न बदलणारं गृहकर्ज सर्रास मिळतं. भाड्याच्या घराची किंमत साडेसत्तावीस वर्षांत घसारा म्हणून उत्पन्नातून वजा करता येते. आपल्याकडचं गृहकर्ज बहुतेक वेळा बदलत्या दराचं असतं. दर वाढला की हप्ता तरी वाढतो, नाहीतर मुदत तरी.

तिकडे नव्या गुंतवणूकदाराला एक ढोबळ नियम सांगतात: महिन्याचं भाडं घराच्या किमतीच्या एक टक्का तरी हवं. तो नियम सोलापूरला लावून बघा. ३० लाखांच्या फ्लॅटला ३० हजार भाडं! जुळे सोलापुरात दोन बेडरूमला ३० हजार कोण देणार? कलेक्टरसाहेब दिले असते, पण त्यांना सरकारी बंगला आहे.

आमच्याकडे या वाक्याला विमानतळाची फोडणीही मिळाली आहे. सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडली, २०२५ च्या जूनमध्ये होटगी रोडवरून गोव्याचं विमान सुटलं, आणि तेव्हापासून प्रत्येक बिल्डरच्या माणसाच्या तोंडी ‘विमान चालू झालंय, आता रेट बघा’ हेच आहे. जमिनीचा रेट वाढेलही. पण भाडं विमानाने वाढत नाही. भाडं भरणाऱ्याचा पगार वाढला की भाडं वाढतं. या गावात पगार कोण देतं? यंत्रमाग, गारमेंट, विडी, दवाखाने, शाळा-कॉलेजं, सरकारी कचेऱ्या आणि दुकानं. त्याहून बरा पगार ज्याला हवा, तो हुतात्मा एक्सप्रेस पकडतो. सोलापुरात २०-२५ हजार भाडं देऊ शकला असता असा माणूस पुण्याला वाकडमध्ये नाहीतर हडपसरला भाडं भरतोय. तो म्हणजे तुम्ही आणि मी.

फरक निघणार कुणाच्या खिशातून

इथून पुढचं माझं म्हणणं जास्त महत्त्वाचं आहे. पैशांचा तोटा तुमचा आहे, तो तुम्ही सोसाल. पण ‘भाडेकरू हप्ता भरेल’ हे डोक्यात ठेवून घेतलेल्या घरात जो माणूस राहायला येतो, त्याचं काय होतं ते बघा.

हप्ता आणि भाडं यांतला फरक दर महिन्याला मालकाला टोचत असतो. भाडं बाजारापेक्षा जास्त मागता येत नाही, घर रिकामं राहील. मग तो फरक दुसरीकडून काढला जातो. डिपॉझिट परत देताना रंगाचे पैसे कापले जातात, चार वर्षं राहिलेल्याकडूनही. गिझर बिघडला तर ‘तुम्हीच करून घ्या’ होतं. करार नोंदवायचा खर्च वाचवला जातो. भाडं रोख मागितलं जातं, पावती नाही. अकरा महिने झाले की ‘वाढवा नाहीतर सोडा’. पुण्यात हे सगळं माझ्या वाट्याला आलेलं आहे, आणि सोलापूरहून पुण्याला गेलेल्या प्रत्येकाच्या वाट्याला यातलं काहीतरी आलेलं असतं. तरी तोच मुलगा गावाकडे फ्लॅट घेतला की पहिल्याच दिवशी विचारतो, ‘नोटरी केली तर चालतंय ना?’

चालत नाही. हे नीट वाचा, कारण आपल्याकडे यावर प्रचंड गैरसमज आहे. अकरा महिन्यांचा करार केला की नोंदणी लागत नाही, ही समजूत एक वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला नोंदणीची सक्ती नसलेल्या १९०८ च्या नोंदणी कायद्यातून आली आहे. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे आणि त्याचं कलम ५५ सांगतं, की लिव्ह अँड लायसन्सचा किंवा भाड्याचा करार लेखी हवा आणि नोंदणीकृत हवा. मुदत अकरा महिन्यांची असो की तीन वर्षांची. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची. केली नाही तर वाद झाल्यावर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते ग्राह्य धरलं जातं, ते खोटं आहे हे मालकाने सिद्ध करेपर्यंत. शिवाय गुन्हा शाबित झाला तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

म्हणजे पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर नोटरी करून जो मालक हुशारी केल्याच्या थाटात फिरतो, त्याने स्वतःच्याच घराची बाजू कमजोर केलेली असते. उलट करार नोंदवला असेल तर त्याच कायद्याचं कलम २४ मालकाच्या बाजूने उभं राहतं: मुदत संपल्यावरही राहत्या घराचा ताबा सोडला नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून तो मिळवता येतो आणि तोवरची भरपाई ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने मागता येते. या नोंदणीचा खर्च किती? एकूण भाड्याच्या पाव टक्का मुद्रांक शुल्क आणि शहरात एक हजार नोंदणी फी. नऊ हजार भाडं आणि अकरा महिने धरले तर मुद्रांक शुल्क अडीचशेच्या आसपास जातं. हे ऑनलाइनही होतं. तीस लाखांचा सौदा करणारा माणूस इथे हजार-दीड हजार वाचवतो, याला माझ्याकडे चांगला शब्द नाही.

पाणी आणि आडनाव

व्हिडिओवाले भाड्याच्या उत्पन्नाला ‘पॅसिव्ह इन्कम’ म्हणतात, म्हणजे झोपेतही येणारा पैसा. त्यांना एकदा सोलापुरात पाण्याच्या दिवशी आणायला हवं.

उजनीचं धरण जिल्ह्यात आहे आणि शहराच्या नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं. इथे घर भाड्याने देणं म्हणजे आधी पाणी भाड्याने देणं. टाकी किती लिटरची, बोअर आहे का, असेल तर उन्हाळ्यात चालतं का, मोटर कोण चालू करणार, टँकर मागवला तर पैसे कोण देणार, हे ठरलेलं नसेल तर तुमचा भाडेकरू मे महिन्यात तुम्हाला झोपू देणार नाही, आणि त्याने देऊही नये. आमच्या घरात राहणारं जोडपं दोघंही नोकरी करतं. पाणी दुपारी आलं तर भरायला घरात कुणी नसतं. म्हणून आम्ही जमिनीखालच्या टाकीला आपोआप बंद होणारा कॉक बसवला आणि वर हजार लिटरची दुसरी टाकी ठेवली. त्या वर्षी दोन महिन्यांचं भाडं त्यातच गेलं. हा या व्यवसायाचा भांडवली खर्च आहे. किराणा दुकानदाराला फ्रिज लागतो तशी सोलापूरच्या घरमालकाला टाकी लागते. हा खर्च ज्याला टाळायचा आहे, त्याने भाड्याच्या धंद्यात येऊ नये.

दुसरी गोष्ट आडनावाची. पुण्यात घर शोधताना ब्रोकरने फोनवर पहिला प्रश्न आडनावाचा विचारला आणि दुसरा जेवणाचा, हा अनुभव माझ्या किती मित्रांना आलाय ते मोजलेलं नाही. माझ्या वर्गातला एक मुस्लिम मित्र, चांगला इंजिनिअर, घर बघायला स्वतः जायचाच नाही, आधी नाव सांगायचा. ‘पेट्रोल वाचतं,’ म्हणायचा. सोलापूर म्हणजे एका गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू ऐकू येणारं गाव. पूर्व भागातल्या माणसाला दोन भाषांत भांडता येतं आणि तिसरीत समेट करता येतो. अशा गावातला पोरगा मालक झाल्यावर ‘आपल्यातलेच’ भाडेकरू शोधायला लागतो, तेव्हा तो पुण्याच्या त्या ब्रोकरचा शिष्य झालेला असतो. यात धंद्याचंही नुकसान आहे. आधीच छोट्या बाजारातला अर्धा गिऱ्हाईकवर्ग तुम्ही दारातून परत पाठवता आणि मग ‘भाडेकरू मिळत नाही बे’ म्हणून रडता.

कुंभारीच्या बायकांनी केलेला हिशेब

याच गावात भाड्याचा हिशेब दुसऱ्या बाजूनेही केला गेलाय. १८७७ साली जुनी मिल सुरू झाली तेव्हापासून सोलापूर हे बाहेरून आलेल्या कामगारांचं शहर आहे. गिरण्या बंद पडत गेल्या, माग आणि विड्या राहिल्या. विडी वळणारी बाई दिवसभर मांडीवर सूप घेऊन बसते, आणि ज्या खोलीत बसते ती बऱ्याचदा भाड्याची. तिचं घर हाच तिचा कारखाना. भाडं वाढलं की तिच्या मजुरीतून वाढतं, खोली सोडावी लागली तर कामाची जागाही जाते.

या बायकांनी ‘माझा हप्ता कोण भरेल’ असं विचारलं नाही. माजी आमदार नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी मोर्चे काढले, सहकारी संस्था केल्या, आणि शहराबाहेर कुंभारीला कॉम्रेड गोदूताई परुळेकरांच्या नावाने विडी कामगारांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. केंद्र, राज्य आणि कामगार स्वतः, अशा तिघांच्या पैशातून. २००६ साली तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग त्यासाठी सोलापूरला आले. त्यानंतर रे नगर, तीस हजार घरांचं. त्यातली पंधरा हजार १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान मोदींच्या हस्ते दिली गेली. विडी कामगार, यंत्रमाग कामगार, कचरा वेचणारे, ड्रायव्हर, फेरीवाले तिथे राहायला गेले. वसाहत गावापासून लांब आहे, कामावर यायला पैसे आणि वेळ जातो, या अडचणी खऱ्या आहेत. पण तीस वर्षं भाडं भरलं तरी घर आपलं होत नाही, हा हिशेब त्यांना कुणी रीलमध्ये सांगितला नव्हता.

हे मी कुणी घर भाड्याने देऊच नये म्हणून सांगत नाही. मला माहीत आहे तुम्ही काय म्हणाल: सगळेच असं बोलायला लागले तर बदली होऊन आलेल्या नर्सने, केगावला विद्यापीठात शिकायला आलेल्या मुलीने राहायचं कुठे? बरोबर आहे. भाड्याची घरं लागतात, आणि चांगले मालकही लागतात. २०११ च्या जनगणनेत देशातल्या शहरांमध्ये एक कोटी दहा लाखांच्या आसपास घरं रिकामी होती. भाडेकरूवर विश्वास नाही म्हणून कुलूप लावून ठेवणारा मालक आणि भाडेकरूला पिळून हप्ता काढणारा मालक, दोघांचाही समाजाला उपयोग नाही.

तर सुरुवात कशी करायची

म्हणून फोनवर विचारणाऱ्यांना मी जे सांगतो तेच इथे लिहितो.

घर असं घ्या, की वर्षभर भाडेकरू मिळाला नाही तरी हप्ता तुमच्या पगारातून निघेल. निघत नसेल तर थांबा, पैसे साठवा. सहा महिन्यांचे हप्ते वेगळे ठेवल्याशिवाय सही करू नका. घर बघायला रविवारी जाऊ नका, पाणी यायच्या दिवशी जा आणि शेजारच्या काकूंना विचारा. त्या जे सांगतील ते कुठल्याही बिल्डरच्या माहितीपत्रकात नसतं. भाडं तिथल्या भाडेकरूंना विचारा, विकणाऱ्याला नको. महारेरावर प्रकल्प बघा, वकिलाला कागद दाखवा. करार नोंदवा, भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्या, भाडं खात्यात घ्या. आत जाताना घराचे फोटो दोघांनी मिळून काढा, म्हणजे बाहेर पडताना रंगावरून भांडण होत नाही. डिपॉझिट दोन महिन्यांपेक्षा जास्त मागू नका. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यातही राहत्या घरासाठी तेवढीच मर्यादा सुचवलेली आहे. ती रक्कम वेगळ्या खात्यात ठेवा, कारण ते पैसे तुमचे नाहीत. आणि आडनाव करार लिहिताना विचारा, त्याआधी नाही.

हे सगळं ऐकून एक पोरगा मला म्हणाला, ‘दादा, मग यात राहिलं काय?’ वर्षाला ७९ हजार राहिले, ते वर सांगितले आहेत. त्यापेक्षा जास्त हवे असतील तर ते भाडेकरूच्या खिशातून काढायला निघू नका. त्याच्याकडे ते नाहीत. असते तर तोही पुण्याला असता.